टोपणाखालचे नाव

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या बाभुळगावच्या घरात डब्यांची वरात निघते. माळ्यावरून, कोठीच्या खोलीतून, पलंगाखालून डबे बाहेर येतात, घासले जातात आणि अंगणात उन्हाला पालथे पडून राहतात. यांपैकी एकही डबा ज्या वस्तूसाठी जन्माला आला ती वस्तू आता पोटात बाळगीत नाही. वनस्पती तुपाच्या डब्यात चिवडा असतो, बिस्किटांच्या डब्यात अनारसे. आणि तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीचा एक डबा आहे (ते दूध पिणारी मुले आता पन्नाशीला टेकली आहेत), त्यात शंकरपाळे. दरवर्षी कोणीतरी हौसेने टोपणांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि भाऊबीजेपर्यंत टोपणे एकमेकांत बदलून जातात. पाहुणा ‘बेसनाचे लाडू’ असे वाचून हात घालतो आणि हाती शेव लागते. फसत नाही ती एकटी आमची गृहिणी. ती चिठ्ठी वाचीतच नाही. डबा उचलते, कानाशी जरा हलवते आणि आत काय आहे ते सांगते.

गेल्या दिवाळीला चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम माझ्या नातीकडे होते. ती बंगळूरला शिकते. दोन गाड्या बदलून ती धामणगावला उतरली, दोन दिवस झोपली, आणि तिसऱ्या दिवशी डिंकाची बाटली घेऊन ओट्यावर बसली. चिठ्ठ्या लिहिता लिहिता मान वर न करताच म्हणाली, “आबा, तिकडे मलापण चिठ्ठी चिकटवली आहे. एक नाही, दोन.”

तिची हकीकत अशी. वर्गात पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपापले गाव सांगितले. हिने यवतमाळ जिल्हा म्हटल्याबरोबर एक मुलगा सहज म्हणाला, “म्हणजे शेतकरी आत्महत्या करतात तोच ना?” त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मुलगा वर्तमानपत्रे वाचणारा होता, एवढेच. पण त्या दिवसापासून ती ‘आत्महत्यांच्या जिल्ह्यातली’ झाली. दुसरी चिठ्ठी तिच्या खोलीतल्या बंगाली मैत्रिणीने चिकटवली. ही महाराष्ट्रातली, त्यातून नागपूरकडची, हे कळताच ती हसून म्हणाली, “अरे बाप रे, बर्गी आली!” आणि मग तिने सांगितले की तिची आजी तिला झोपवताना बर्गींची भीती घालीत असे.

दुसऱ्या नावाची गोष्ट सांगताना माझी नात खूप हसली. पहिल्या नावाची गोष्ट सांगताना मात्र ती एका डब्याचे टोपण घट्ट बसवण्यात गुंतली होती. ते टोपण मुळात घट्टच होते.

“आबा,” ती शेवटी म्हणाली, “तो खोटं तर काही बोलला नाही. मग मला राग का आला?”

प्रश्न साधा होता, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. खोट्या नावाचा राग येणे समजू शकते. परंतु जे नाव खरे आहे, तेही अन्यायाचे असू शकते काय? एक वर्ष हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. वाचकांपुढे तो मांडताना माझी एक जुनी चूकही मांडावी लागणार आहे. तिच्याकडे यायला थोडा वेळ लागेल. चुकीकडे जाताना माणूस जरा वळणाच्या रस्त्यानेच जातो.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की टोपणनावांवाचून गावाचे चालत नाही. एका आळीत एकाच नावाचे चार गडी असले म्हणजे एक लंब्या होतो, एक सायकलवाला, एक पोष्टाचा आणि चौथा नुसताच चौथा. यात कोणाचा अपमान नसतो. सोय असते, आणि पुष्कळदा मायाही असते. आमच्याकडे नव्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. माझी पत्नी लग्न होऊन आली त्या दिवसापासून ‘दारव्हेवाली’ झाली. सासूबाईंची दारव्हेवाली, जावांची दारव्हेवाली, शेजारणींची दारव्हेवाली. तिला त्याचे वाईट वाटत नसे. आपले माहेर दिवसातून दहा वेळा कोणीतरी उच्चारते यात तिला उलट आनंदच होता. मात्र एकदा जनगणनेचा माणूस आला, ही घरात नव्हती, मीही नव्हतो, आणि तीस वर्षांच्या शेजारणीला हिचे नाव सांगता आले नाही. ते ऐकून ही थोडी हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

गावांचेही तसेच आहे. आमच्या गावाचे नाव बाभळीवरून पडले. या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. नाव ऐकणाऱ्याला काटे दिसतात; आम्हांला बैलगाडीचा आस दिसतो, वखराचे लाकूड दिसते, डिंक दिसतो, आणि उन्हाळ्यात शेंगांसाठी खाली जमलेल्या शेळ्या दिसतात. त्यातून आम्ही वऱ्हाडी माणसे ‘ळ’चा ‘य’ करतो. डोळ्याला डोया, केळ्याला केय. माझी आई गावाला कधी बाभुळगाव म्हणाली नाही. ती ‘बाभुयगाव’ म्हणे. सरकारी पाटीवरचे नाव एक, आणि आईच्या तोंडचे दुसरे. खरे कोणते, असे मला कोणी विचारले तर मी पाटीकडे बोट दाखवीन, आणि मनात दुसरेच उत्तर देईन.

आमच्या साऱ्या मुलखालाही एक जुने नाव आहे: ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’. ही म्हण ऐकत मी लहानाचा मोठा झालो, आणि कुऱ्हाडच का, असा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नाही. उत्तर अगदी सोपे आहे. वऱ्हाडाला कुऱ्हाडीशी यमक जुळते. सोने खरे होते. काळी जमीन आणि कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सोने शेतातून आले आणि कुऱ्हाड यमकातून आली. टोपणनावे बहुधा अशीच तयार होतात. थोडे सत्य असते आणि बाकी तोंडाला बरे वाटणारे काहीतरी असते. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही. पण ती पायावर पडली तर लोखंडाच्या कुऱ्हाडीइतकीच लागते. हेही आम्हांला पुढे कळायचे होते.

एवढ्या मोठ्या देशात एका मुलखाने दुसऱ्याला नाव ठेवावे यात नवल नाही. घाटावरून आला तो मुंबईकराच्या आणि गोवेकराच्या लेखी घाटी. या शब्दात मुळात घाटावाचून दुसरे काही नाही. उत्तरेकडून आलेला दूधवाला भैया. भैया म्हणजे भाऊ. दक्षिणेकडला माणूस अण्णा. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि आम्ही स्वतः आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अण्णा म्हणतो. पाहा कशी गंमत आहे! दोन्ही शब्द नात्याचे, मानाचे. आणि बोलणाऱ्याच्या ओठाला जरा मुरड पडली की तेच शब्द शिवीसारखे लागतात. ‘मद्रासी’ तर याहून मौजेचा. मद्रास राज्याचे तमिळनाडू १९६९ साली झाले, मद्रास शहराचे चेन्नई १९९६ साली झाले. पण विंध्याच्या उत्तरेला अजून केरळातला, कर्नाटकातला, आंध्रातला माणूस सरसकट मद्रासीच असतो. ज्या गावाचे नावच आता मद्रास राहिलेले नाही, त्या गावाचा रहिवासी म्हणून तो आयुष्य काढतो.

आणि हा केवळ शहाण्यासुरत्या, लिहित्यावाचत्या लोकांचाच खेळ आहे असेही नाही. आमच्या जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. आपण त्यांना बंजारा म्हणतो; ते स्वतःला ‘गोर’ म्हणतात, आणि तांड्याबाहेरच्या आपणा सर्वांना, मग तो कुणबी असो, ब्राह्मण असो की कलेक्टर असो, एकच नाव: ‘कोर’. आपली सारी जातपात, सारी पदवी, सारा मानमरातब त्या दोन अक्षरांत बुडून जातो. ज्यांना आपण कोलाम म्हणतो, ते आपल्या भाषेत स्वतःला ‘कोलावर’ म्हणतात. प्रत्येक माणसाच्या अंगावर असे एक नाव आतून घातलेले असते, आणि एक बाहेरून चिकटवलेले. बाहेरचे जगाला दिसते. आतले विचारल्याशिवाय कळत नाही.

आता त्या बंगाली मुलीच्या ‘बर्गी’कडे येतो. हा शब्द आमचाच. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. आमच्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ साली भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर गेल्या, आणि पुढची नऊ-दहा वर्षे पुनःपुन्हा जात राहिल्या. १७४४ साली नवाब अलीवर्दीखानाने कोल्हटकरांना भेटीला बोलावून दग्याने मारले. अखेर १७५१ साली तह झाला. ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालची बारा लाखांची चौथ ठरली. शाळेत आम्ही हे सारे छाती फुगवून शिकलो. दग्याने मारलेल्या सेनापतीबद्दल हळहळलो. नकाशावर नागपूरपासून बंगालपर्यंत बाण काढले.

त्या बाणांच्या टोकाशी खेडी होती, ही गोष्ट नकाशात नव्हती. खेडी जळाली, उभी पिके गेली, माणसे नदीपलीकडे पळाली. कलकत्त्याच्या लोकांनी आमच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. पण तेवढ्यावरून कलकत्तेकरांनाच ‘खंदकवाले’ या अर्थाचे इंग्रजी टोपणनाव पडले, आणि पुढे तो खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. खंदक बुजला, भोसल्यांचे राज्य बुडाले, नवाबही गेले. राहिले काय, तर बंगालच्या अंगाईतली आमची भीती. आमच्याकडे आया ‘बागुलबुवा येईल’ म्हणतात. तिकडे बागुलबुवा म्हणजे आम्ही.

हे मी नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तिचं नाव बरोबर होतं?” मी म्हटले, “तिच्या आजीच्या आजीच्या मानाने बरोबर होते, बेटा. तुझ्या मानाने नव्हते.” आणि हे बोलता बोलताच मला उत्तराचे पहिले टोक सापडले. टोपणनाव खरे असले, तरी ते कोणाबद्दल खरे आणि केव्हा खरे, हे त्यावर लिहिलेले नसते. एका फौजेचे नाव एका मुलीला लागते. एका वर्षीचे नाव शंभर वर्षांना लागते. तरी त्या मुलीने हे नाव हसत हसत दिले, त्यामागची आजी सांगितली, अंगाई सांगितली, आणि नंतर त्या दोघींनी एका ताटात खाल्ले. तिला हिचे खरे नाव ठाऊक होते आणि ती दिवसभर त्याच नावाने हिला हाका मारीत असे. म्हणून हिला हसू आले. टोपण सैल होते. केव्हाही काढता येत होते.

आता माझी चूक.

१९६० साल. मेमध्ये महाराष्ट्र राज्य झाले होते, आणि आम्ही पाचवीतली पोरे मोठ्या ऐटीत होतो. त्या हिवाळ्यात कापसाच्या हंगामात हमालीला म्हणून पैनगंगेपलीकडून एक कुटुंब गावात आले. त्यांचा मुलगा आमच्या वर्गात बसू लागला. नदीपलीकडचा तो मुलूख पूर्वी निजामाचा. आमच्याकडे त्याला मोगलाई म्हणत. निजामाचे राज्य १९४८ सालीच संपले होते, मराठवाडा आणि विदर्भ हे दोन्ही १९५६ साली एकाच दिवशी मुंबई राज्यात आले होते. पण पोरांना राज्याच्या घडामोडी कोण सांगतो? मी त्याचे नाव ठेवले ‘मोगल्या’. मीच ठेवले. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला. सारा वर्ग हसला, आणि मला आपण मोठे काहीतरी केले असे वाटले.

पुढे मोठेपणी मला कळले, तेव्हा तोंडात मारल्यासारखे झाले. ज्या वऱ्हाडाच्या जोरावर मी त्याला मोगल्या म्हणत होतो, ते वऱ्हाड स्वतः कागदोपत्री निजामाचेच होते! इंग्रजांनी ते १८५३ साली कारभारासाठी घेतले, १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचे भाड्याने घेतले. आणि १९३६ सालापासून निजामाचा थोरला मुलगा ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ ही पदवी मिरवीत असे. म्हणजे माझे वडील आणि त्या पोराचे वडील एकाच धन्याच्या खातेवहीत होते. फरक असलाच तर भाडेपट्ट्याचा.

माझ्या आईने एकदा मला अंगणातून त्याला हाक मारताना ऐकले. तिला शाळा ठाऊक नव्हती, पण ती म्हणाली, “काहून रे, त्याच्या मायनं नाव ठेवलं असन ना त्याले? मंग त्या नावानं हाका मार.” आमची भाषा मोठी शहाणी आहे. आई मुलाचे नाव ठेवते. आणि लोक मुलाला नावे ठेवतात. एकवचनात माया आहे, अनेकवचनात निंदा. आईने मला एवढेच सांगितले होते. मी ते ऐकून सोडून दिले.

मग संक्रांत आली. वर्गात आम्ही तिळगूळ वाटत होतो. मी त्याच्यापुढे हात केला आणि म्हटले, “तियगुय घे, मोगल्या.” त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, “नाव घेऊन दे. मग घेतो.”

आवाज चढवला नव्हता. रागही दिसत नव्हता. मला वाटते त्याने हे वाक्य बरेच दिवस मनात जुळवून ठेवले असावे, आणि सणाचा दिवस त्यासाठी निवडला असावा. त्या दिवशी निदान कोणी नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. पोरे पाहत होती. मी हसलो आणि म्हणालो, “घे की, मोगल्या!” त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. तिळगूळ माझ्याच हातात राहिला.

होळीनंतर हंगाम संपला आणि ते कुटुंब निघून गेले. आज त्याचा चेहरा मला आठवतो, पाठीमागे घेतलेले हात आठवतात, सदऱ्याचा उसवलेला खिसा आठवतो. त्याचे नाव आठवत नाही. मास्तर रोज हजेरी घेत. म्हणजे ते नाव महिनोन्महिने रोज माझ्या कानांवरून गेले. पण मी ठेवलेल्या नावाने ते खाऊन टाकले.

या गोष्टीचे उट्टे फिटायला फार वर्षे लागली नाहीत. १९६८ साली मी पुण्याला शिकायला गेलो. वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी कोणी विचारले, “काय चाललंय?” मी म्हटले, “अभ्यास करून राहिलो.” खोलीत हशा पिकला. “राहिलास ना? मग गेला कोण?” कशाचे आश्चर्य वाटले की मी ‘बाप्पा!’ म्हणे; तेच माझे नाव झाले. मीही हसलो, कारण न हसणाऱ्याला दुसरे वाईट नाव मिळते. सहा महिन्यांत मी ‘करून राहिलो’ सोडले, ‘मले-तुले’ सोडले, आणि सुटीत घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, “असा परक्यावानी काहून बोलून राहिला रे?” त्या रात्री मला झोप आली नाही. पण त्या रात्रीसुद्धा मला तो मुलगा आठवला नाही. स्वतःला लागलेल्याचे दुःख करण्यात माणूस इतका गढून जातो, की आपण कोणाला लावले ते आठवायला त्याला फुरसत होत नाही.

पोरांची नावे पोरांबरोबर मोठी होतात आणि बहुधा झडून जातात. सरकार नाव ठेवते तेव्हा ते झडत नाही. कारण ते कागदावर असते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जमात म्हणूनच गुन्हेगार ठरवले, आणि पुढे तो कायदा देशभर पसरवला. पाळण्यातले मूल, ज्याने अजून आईच्या दुधावाचून कशाला तोंड लावले नाही, तेही गुन्हेगार. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण आमच्या भागात चोरी झाली की आजही लोकांची नजर आधी फासेपारध्यांच्या पालांकडे जाते. कायदा गेला, नजर राहिली. उलट सरकारने चांगले नाव ठेवल्याचेही उदाहरण आहे. २०२० सालच्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलल्याने मन बदलत नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. परंतु ज्याला रोज ती पाटी ओलांडून शाळेत जायचे आहे त्याला विचारावे.

मग ‘आत्महत्याग्रस्त’ हे नाव कसले? २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. मदत द्यायची तर यादी हवी, आणि यादीला नाव हवे. ते नाव घेतल्याशिवाय विहीर मिळत नव्हती, कर्जावरचे थकलेले व्याज माफ होत नव्हते. नवरा गेलेल्या बाईला एक लाख रुपये मिळायचे तर त्याचे मरण आधी ‘पात्र’ ठरावे लागे, आजही लागते. त्या नावाने अन्न दिले आहे, हे मी नाकारू शकत नाही. दुःखाला नाव नसेल तर त्याची दादही लागत नाही. म्हणूनच हे नाव खोटे आहे, असे मी नातीला सांगू शकलो नाही.

पण याच जिल्ह्यात कळंबचा चिंतामणी आहे. पुसदजवळच्या गहुलीतून निघून वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. याच यवतमाळात १९७३ साली आणि २०१९ साली मराठी साहित्याची संमेलने भरली. २०१९च्या संमेलनाचे उद्घाटन कोणा मोठ्या लेखकाच्या हातून न होता आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकरी स्त्रीच्या हातून झाले. तिचा नवरा आत्महत्येने गेला होता. तेव्हा जिकडे तिकडे ‘शेतकऱ्याची विधवा’ हेच शब्द होते, आणि नाव त्यांच्या मागून येई. तिचे नाव वैशाली येडे. ती बोलायला उभी राहिली तेव्हा मंडपाला कळले असेल, की त्या दोन शब्दांच्या आत एक माणूस होते, आणि त्याला स्वतःचे म्हणणे होते.

टोपणनाव नेहमी न पाहताच ठेवले जाते असे मात्र नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, आताच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल लोकांची वस्ती शेकडो वर्षांची. ते तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. शेजारच्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. शेजाऱ्यांना ज्यू धर्म ठाऊक नव्हता, शब्बाथ ठाऊक नव्हता. पण या माणसांनी शनिवार धरला आहे, तो ते पोटाला चिमटा घेऊन पाळतात, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि तेच नावात ठेवले. पुढे हे लोक इस्राएलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपंडितांनी विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली. मोठा लढा झाला, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. पंडितांना जी शंका आली ती अलिबागकडच्या शेतकऱ्याला कधी आली नव्हती. त्याने डबा हलवून पाहिला होता.

मला वाटते नातीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. होय, खरे नावही अन्यायाचे असू शकते. एखादी गोष्ट खरी असणे निराळे, आणि तीच एक गोष्ट पुरे असणे निराळे. ‘तुमच्याकडे शेतकरी मरतात’ हे खरे आहे. पण ते म्हणून जो थांबला, ज्याने पुढे काही विचारले नाही, त्याने त्या मरणाऱ्यांनाही ओळखले नाही आणि जगणाऱ्यांनाही नाही. टोपण हे झाकण्यासाठी असते, त्यात त्याचा दोष नाही. ते उघडायचे असते हे विसरणाऱ्याचा दोष आहे. आणि ज्याच्यावर आपण ते बसवले, तो ‘काढा’ म्हणाला तर त्याच घटकेला काढले पाहिजे. त्या पोराने माझ्याकडे एवढेच मागितले होते.

दिवाळीची सुटी संपल्यावर मी शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांना जुने दाखलखारीज रजिस्टर दाखवण्याची विनंती केली. ते माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी आदराने कपाट उघडले, खुर्ची दिली, चहा सांगितला. रजिस्टर जाड होते आणि कडा पिवळ्या पडल्या होत्या. १९६०च्या हिवाळ्यात बाहेरगावाहून आलेली आणि उन्हाळ्याआधी दाखला घेऊन गेलेली तीन मुले त्यात होती. त्यांतला एक तो. कोणता, ते मला कळेना. मी तिन्ही नावे हळूहळू, मोठ्याने वाचली. एकही त्या चेहऱ्याला बसेना, आणि एकही त्याच्यावरून निघेना.

तिन्ही नावे मी उतरवून आणली आहेत. संक्रांतीला नातीचा फोन आला तेव्हा तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, “आबा, तिघांनाही तिळगूळ द्या.” घरात त्या दिवशी कोणी नव्हते. मी डब्यातून तीन लाडू काढले, एकेक नाव घेतले, आणि ते पाटावर मांडून ठेवले.

परवा पुन्हा डबे अंगणात आले. नात अजून यायची आहे. चिठ्ठ्यांचे काम या वर्षी कोणाकडे, असे मी पत्नीला विचारले. विचारताना तिला तिच्या नावाने हाक मारली. ती चमकून माझ्याकडे पाहू लागली. मग तिने एक डबा उचलला, कानाशी हलवला आणि म्हणाली, “चिठ्ठ्या कशाला? पाहिजे त्यानं उघडून पाहावं.”